सात इंचांचा अजिंक्यतारा

वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी साताऱ्यात मंगळवार पेठेतल्या एका वाड्याच्या अंगणात दोन भावांचं भांडण लागलं होतं, किल्ल्यावरून. थोरला नववीतला. यंदा किल्ला मापात करायचा, हे त्याने सहामाही परीक्षेच्या आधीच ठरवलेलं. त्याने मोबाइलवर उंचीच्या रेषांचा नकाशा काढला, फरशीवर चुन्याने चार फुटांचा चौकोन आखला आणि त्यात अजिंक्यताऱ्याभोवतीचा दोन किलोमीटरचा मुलूख बसवला. मग त्याच प्रमाणात उंची काढली. पायथ्यापासून माथा साधारण ३०० मीटर, म्हणजे चार फुटांच्या या जगात जेमतेम सात इंच. डबर रचलं, वर पोतं टाकलं, लाल मातीचा चिखल थापला आणि पट्टीने सात इंच मोजून हात थांबवला. धाकटा दोन्ही कोपर मातीने भरलेला उभा. तो म्हणाला, "हा अजिंक्यतारा नाहीच. ही म्हैस बसलीय." वाड्याच्या कौलांवरून मागे खरा डोंगर दिसत होता, टॉवरचे दिवे नुकते लागलेले. थोरल्याने एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं. त्याचा हिशेब चुकलेला नव्हता. आज्जी पायरीवर वाती वळत बसली होती, तिने मान न उचलताच निकाल दिला. "मापात असेल रे बाळा. पण तारा असा दिसत नाही."

आज्जीचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. दिसतो कसा आणि आहे कसा, या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच मातीत बसत नाहीत. पेठेतली पोरं दरवर्षी त्याच चार फुटांत तीन फूट उंच किल्ला करतात, म्हणजे खऱ्या प्रमाणाच्या पाचपट उंची. कुणी शिकवलेलं नसतं. पायथ्याशी उभं राहून मान वर केली की डोंगर जेवढा अंगावर येतो, तेवढा तो मातीत उतरतो. नकाशेवालेही हेच करतात. डोंगराचं त्रिमितीय चित्र पडद्यावर सपाट वाटायला लागलं की उंचीला दुपटीने, तिपटीने गुणतात. फरक एवढाच की चांगला नकाशेवाला कोपऱ्यात लिहून ठेवतो, उंची इतक्या पट वाढवली आहे. पोराच्या किल्ल्यावर ती पाटी नसते आणि असायची गरजही नसते. कारण त्या किल्ल्याला कुणी अंतर विचारत नाही.

थ्रीडी मॅपिंग आणि थ्रीडी मॉडेलिंग यांची गल्लत इथेच होते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. माउसने फिरवा, जवळ जा, वरून बघा, खालून बघा. सातारा-सांगलीकडे आता ड्रोन नवा राहिलेला नाही. प्लॉट पाडणारा, वाडा दुरुस्त करणारा, कारखान्याच्या शेती विभागातला माणूस आणि गडसंवर्धनवाली पोरं, सगळे एकच वाक्य बोलतात, "ड्रोन फिरवून थ्रीडी करून द्या." काम घेणाराही हो म्हणतो. त्याने आधी विचारायला हवं ते एकच. तयार झाल्यावर तुम्ही याला काय विचारणार आहात? तो बिंदू कुठे आहे, हे विचारणार असाल तर मॅपिंग. ती वस्तू कशी आहे, हे विचारणार असाल तर मॉडेलिंग. एकाकडे दुसऱ्याचा प्रश्न नेला की उत्तर मिळतं, पण खोटं मिळतं.

नकाशातल्या प्रत्येक बिंदूला पत्ता असतो. पृथ्वीवर कुठे आणि कशापासून किती उंच, हे तो सांगू शकला पाहिजे, आणि उद्या दुसऱ्या माणसाने दुसरं यंत्र लावलं तरी तेच उत्तर आलं पाहिजे. ही जात जुनी आहे. १८०२ साली मद्रासेत लॅम्बटन या ब्रिटिश सर्वेक्षकाने देश मोजायला त्रिकोणांची साखळी सुरू केली तेव्हापासून, आणि आपल्या शेतात ३३ फुटी साखळी ओढत मोजणीदार बांधाबांधाने फिरला तेव्हापासूनची. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे गुंठा, हे अजून तोंडपाठ असणारी माणसं गावोगाव आहेत. मोजणीच्या दिवशी शेजारचे दोन्ही खातेदार बांधावर उभे असतात, कुणी मोठ्याने बोलत नाही, आणि सगळ्यांची नजर त्या एका हद्दीच्या दगडावर असते. नकाशा ही साक्ष आहे, आणि साक्षीदार देखणा आहे का, हे कुणी बघत नाही.

आता हाच अजिंक्यतारा ड्रोनने मॅप करायचा म्हटलं तर काय होतं ते बघू. एक इंची सेन्सरचा २० मेगापिक्सेलचा कॅमेरा, लेन्स ८.८ मिलिमीटर, पिक्सेल २.४ मायक्रॉनचा. जमिनीपासून १०० मीटरवरून त्याचा एक पिक्सेल सुमारे २.७ सेंटिमीटर जागा झाकतो. सपाट माळावर हिशेब इथे संपतो. डोंगरावर इथून सुरू होतो. माथ्यावरून उड्डाण घेतलं आणि १०० मीटरवर सरळ रेषेत उडवत गेलं, तर पायथ्याची घरं ४०० मीटर खाली राहतात. तिथे पिक्सेल ११ सेंटिमीटरचा होतो आणि जमिनीपासून १२० मीटरची कायद्याची मर्यादाही कधीच ओलांडलेली असते. पायथ्यावरून उड्डाण घेतलं तर उलटा घोळ. शेजारच्या दोन पट्ट्यांतले फोटो एकमेकांवर ७० टक्के चढतील असं अंतर ठेवलं, पण समोरची जमीन ६० मीटर वर आली की ड्रोन जमिनीपासून ४० मीटरवरच राहतो. फोटोची झेप कमी होते, आणि तेच ७० टक्के घसरून २५ वर येतात. एवढ्यावर सॉफ्टवेअरला दोन फोटोंतले सामाईक ठिपके सापडत नाहीत आणि नकाशात उताराच्या नेमक्या अवघड जागी भगदाड पडतं. जमीन आणखी वर चढली तर ड्रोनच कड्याला भिडतो. म्हणून डोंगरावर आधी उंचीचा ढोबळ नकाशा यंत्रात भरायचा आणि ड्रोनला उताराबरोबर वरखाली करत न्यायचं, किंवा डोंगराचे पायऱ्यांसारखे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यासाठी वेगळं उड्डाण करायचं. फोटो एकमेकांवर पुढेमागे ८० टक्के चढावेत, आजूबाजूला ७० टक्के. यात काटकसर करू नये. वाचवलेली एक बॅटरी नंतर दोन दिवस खाते.

फोटोआधी जमिनीवर खुणा. चुन्याच्या फुल्या काढल्या तर फुलीची रेघ १५ सेंटिमीटर तरी जाड हवी, नाहीतर वरून ती पिक्सेलात विरघळते. चार कोपऱ्यांना चार, मध्ये एक, आणि डोंगर असेल तर माथा, मधला उतार, पायथा अशा तिन्ही उंचींवर. प्रत्येक खुणेवर रोव्हरची, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या यंत्राची, काठी बुडबुडा मध्यात आणून धरायची, आणि तासाभराने पुन्हा एकदा येऊन तोच बिंदू मोजायचा. इथे होणारी सगळ्यात साधी चूक म्हणजे काठी २ मीटरवर उचललेली आणि यंत्रात आकडा १.८ राहिलेला. सगळा नकाशा २० सेंटिमीटर वर चढतो, आणि तो इतक्या एकसारखेपणाने चढतो की चित्रात काहीही दिसत नाही. अशा चुका पकडायच्या तर तीनचार खुणा सॉफ्टवेअरपासून लपवून ठेवायच्या, वेगळ्या मांडणीतून मोजायच्या, आणि शेवटी नकाशाला विचारायचं, यांची उंची सांग. जो नकाशा या लपवलेल्या खुणांवर तपासलेला नाही, त्याच्या अहवालात कितीही सुंदर आकडे असोत, त्यावर सही करू नये.

उंचीचं खरं दुखणं सांगलीत कळतं.

साताऱ्याला डोंगर आहे, म्हणून चूक डोंगराआड लपते. सांगलीची जमीन ताटासारखी. आयर्विन पुलावरच्या नदीची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा गल्लीगल्लीत लोक एकच प्रश्न विचारत होते, पट्टीवर अमुक फूट म्हणजे आमच्या दारात किती? हा शंभर टक्के मॅपिंगचा प्रश्न आहे. पाचशेला एक असा उतार धरला, तर उंचीतली ३० सेंटिमीटरची चूक पाण्याची कड दीडशे मीटर सरकवते. दीडशे मीटर म्हणजे कुणाचं घर पाण्यात दाखवलं गेलं आणि कुणाचं सुटलं, एवढा फरक. आणि इथे चुका कुठून कुठून येतात! उपग्रह जी उंची देतो ती पृथ्वीच्या गणिती अंडाकृतीपासूनची. आपल्या भागात ती आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत ६० मीटरांहून जास्त फरक पडतो. एवढी मोठी चूक निदान डोळ्यावर तरी येते, सांगली एकदम कोकणाच्या दिशेने खाली गेलेली दिसते. घातक असतात त्या छोट्या. पुलाच्या पट्टीचा शून्य वेगळा, बेंचमार्कचा, म्हणजे उंची आधीच पक्की मोजलेल्या खुणेचा, आकडा वेगळा, ड्रोनच्या नकाशाचा तिसराच. पट्टीच्या शून्याला लेव्हलिंगने, म्हणजे दुर्बिणीने उंचीतला फरक मोजत, बेंचमार्कशी जोडून घेतलं नाही, तर उरलेलं सगळं काम नुसतं रंगीत चित्र.

त्यात एक विशेष खोड सपाट जमिनीची. सगळे फोटो सरळ खाली बघून काढले आणि खुणा फक्त कडेला ठेवल्या, तर सॉफ्टवेअर लेन्सचा बाक जमिनीवर लादतं. नकाशा मधून फुगतो किंवा वाटीसारखा खचतो. कडेला सगळं जागेवर, मध्ये अर्धा मीटर वर. डोंगरात हे कुणाला जाणवणार नाही, सांगलीत अख्ख्या पुराची दिशा फिरते. उपाय अवघड नाही. मध्ये खुणा ठेवा, आणि काही पट्टे कॅमेरा २०-३० अंश तिरका करून आडवे उडवा.

आणि ऊस. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला उसाखालची जमीन दिसत नाही, शेंडे दिसतात. नदीकाठच्या शिवारात तीन मीटर उंचीचं पठार उभं राहतं आणि नकाशातलं पाणी त्याला वळसा घालून पुढे जातं. झाडांच्या फटींतून लेझरचे काही किरण तळापर्यंत पोचतात, म्हणून जंगलात लायडार, म्हणजे लेझरने मोजणारं यंत्र, उपयोगी. पण ऐन भरातला ऊस त्यालाही दाद देत नाही. फडात शिरून बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, भर दुपारी आत पायाखालचं दिसत नाही. शहाणपण एवढंच, की कारखान्याचा हंगाम आटोपल्यावर, तोड झालेली आणि खोडवा अजून गुडघ्याखाली आहे तोवर उडवायचं. पूरनकाशाची तारीख ऊसतोडीने ठरावी, टेंडरने ठरू नये.

मॉडेलिंगची दुनिया याहून फार निराळी. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर घ्या. १७१९ ते १७२४ मधलं बांधकाम. खोली ११० फूट आणि व्यास ५० फूट सांगतात. पायऱ्या उतरून गेलं की आत महाल. तिथे ड्रोनचं काम नाही. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, २४ मिलिमीटरची न हलणारी लेन्स, भिंतीपासून ३ मीटर. ४ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर दगडावरचा अर्धा मिलिमीटर एका पिक्सेलात येतो. छिन्नीच्या खुणा मोजता येतात. झूम हलवायचा नाही, फोकस पुन्हापुन्हा बदलायचा नाही, लेन्सचं छिद्र एफ/८ वर, तिवई हवीच. दिवस मळभाचा निवडायचा. उन्हाच्या दिवशी विहिरीच्या तोंडावर पांढरा भगभगाट आणि कमानीखाली काळोख, आणि सावली तासाला सरकते. सॉफ्टवेअरला सावलीची कड ही दगडाची कड वाटते.

सगळ्यात जास्त बिघडतं ते दारात. बाहेरचे चारशे फोटो छान, महालातले तीनशे छान, आणि दोन्हीकडून तयार झालेले दोन तुकडे एकमेकांना ओळखतच नाहीत. उंबरठा ओलांडताना दर अर्ध्या मीटरवर, एकदा आत बघत आणि एकदा वळून बाहेर बघत फोटो घ्यावे लागतात, तेव्हा ते जुळतात. पाण्याचं आणखी निराळं. पाणी निवांत असलं की त्यात वरच्या कमानी उलट्या दिसतात, सॉफ्टवेअर त्यांना खरं मानतं आणि पाण्याखाली दुसरी विहीर बांधून ठेवतं. पाण्याचा भाग प्रत्येक फोटोतून झाकावा लागतो. वेलींचंही तेच, वाऱ्याने हललेलं पान कुठल्याच दोन फोटोंत एका जागी नसतं. आकार बरोबर आला तरी माप येत नाही, म्हणून दोन टोकांना ठिपके असलेली, मिलिमीटरपर्यंत मोजलेली एक मीटरची काठी तीनचार ठिकाणी ठेवायची, एक उभी, एक आडवी. झालं. इथे अक्षांश-रेखांश नको, समुद्रसपाटी नको. कुठला दगड किती सरकला, शरभ या काल्पनिक प्राण्याच्या शिल्पावर चीर कुठून कुठे गेली, हे विचारा, मॉडेल उत्तर देईल. मात्र विहिरीतलं पाणी आणि जवळून जाणारी कृष्णा यांच्या पातळीत किती फरक, हे विचारलंत तर ते गप्प. त्यासाठी तोंडाशी एक पक्की खूण हवी आणि ती बाहेरच्या जगाशी जोडायला हवी.

ही जोडणी सुटते कशी, त्याचा एक प्रकार जवळून बघण्यासारखा आहे. साताऱ्याचा नकाशा मीटरांत मांडला की विषुववृत्तापासूनचं अंतर एकोणीस लाख पन्नास हजारांच्या पुढे जातं. मॉडेलिंगची बरीच सॉफ्टवेअर साधारण सातच अंक नीट लक्षात ठेवतात. एवढ्या मोठ्या आकड्याला त्यांची सगळ्यात बारीक पायरी उरते साडेबारा सेंटिमीटरची. नकाशा जसाच्या तसा त्यात उघडला की गुळगुळीत भिंत करवतीसारखी होते आणि कॅमेरा फिरवला की सगळं थरथरतं. मग माणूस उपाय करतो, सगळ्या बिंदूंतून एक मोठा आकडा वजा करून मॉडेल शून्याजवळ आणतो. उपाय बरोबर आहे. पण तो वजा केलेला आकडा कुणीतरी कुठल्यातरी फायलीत लिहायचा असतो, आणि तो लिहिला जात नाही. सहा महिन्यांनी त्याच वाड्याचं नवं मोजमाप येतं आणि जुन्यावर बसत नाही. पेन्सिलने लिहिलेली एक ओळ हरवली, आणि आठवडाभर उन्हात केलेल्या नकाशाचं नुसतं मॉडेल झालं.

मॉडेलवाल्याला नसलेली गोष्टही करता येते, आणि हे त्याचं मोठं बळ आहे. ढासळलेला बुरूज उभा करून दाखवतो, न बांधलेली शाळा आधी फिरून दाखवतो. लेझरने वाडा टिपला की मिळतात कोट्यवधी ठिपके. त्या ठिपक्यांना आपण भिंत आहोत हे माहीत नसतं. माणूस बसून त्यांच्यावरून भिंत काढतो, खांब काढतो, तुळई काढतो. इथे त्याचा हात हळूच सगळं सरळ करत जातो, कारण सॉफ्टवेअरमधली भिंत मुळातच सरळ जन्मते. खरी भिंत मध्ये सहा सेंटिमीटर पोटाला आलेली असते, आणि वाडा दुरुस्त करणाऱ्याला तेच पोट बघायचं असतं. सुबक मॉडेलमध्ये वाडा ठणठणीत दिसतो. म्हणून काम देतानाच ठरवून घ्यावं, किती सेंटिमीटरपर्यंत सरळ धरायचं आणि त्यापुढचा वाकडेपणा जसाच्या तसा ठेवायचा. अंदाजाने उभा केलेला बुरूज वेगळ्या रंगात दाखवावा. एवढं केलं की मॉडेल अंदाजाच्या जागीही खरं बोलतं.

मला दोन्ही कामं सारखीच प्रिय आहेत, आणि दोन्हींची भीतीही वाटते. नकाशा डोळ्याला पटत नाही म्हणून लोक तो बाजूला सारतात. मॉडेल डोळ्याला इतकं पटतं की त्यावर पट्टी ठेवून मोजायला लागतात.

मंगळवार पेठेत धाकट्याने शेवटी तुळशीच्या पलीकडे वेगळा किल्ला केला, तीन फुटांचा, कड्यांना फरशीचे तुकडे लावून. सिंहासन आणि महाराज तिकडे गेले. पोरांची गर्दीही तिकडेच. सात इंचांच्या म्हशीवर आज्जी मात्र दोनदा वाकली. एक बोट उताराच्या कुशीत, चार भिंती या स्मारकाच्या जागी, टेकवून म्हणाली, "ह्या चार भिंती, बरोबर?" मग बोट खाली ओढत आणलं, थांबली, आणि हातातली काडेपेटी तिथे ठेवली. "मग आपला वाडा इथं." उंच किल्ल्यावर ती जागा सापडत नव्हती, तो फरशीवरून एकदम आभाळात गेला होता.

दोन्ही किल्ल्यांवर अळीव पेरलेला. पाडव्यापर्यंत तो दोन इंच वर आला. तीन फुटांच्या किल्ल्यावर तो छान रान दिसत होता. सात इंचांच्या डोंगरावर दोन इंच म्हणजे ऐंशी मीटरांहून उंच झाडी. चार भिंती बुडाल्या, माचीची कड बुडाली, काडेपेटी दिसेनाशी झाली. भाऊबिजेच्या सकाळी थोरला पोटावर पालथा पडून, आज्जीच्या वाती कापायच्या कात्रीने, मातीला धक्का न लावता एकेक काडी मुळाशी कापत होता.